रक्त कमी होणें : रोग नव्हे, रोगाची खूण

‘अंगांत रक्त नाहीं’ हे शब्द नागपुरांत घरोघरीं ऐकूं येतात. जिना चढतांना दम लागला, चेहरा फिकट दिसूं लागला, कीं लोहाचें टॉनिक आणावें, हा उपायहि तितकाच परिचित आहे. परंतु रक्त कमी होणें हा रोग नसून रोगाची खूण आहे. ती न ओळखल्यास खरा रोग मागें दडून राहतो.

रक्तांत तीन प्रकारच्या पेशी असतात व त्या हाडांतील मज्जेंत तयार होतात. तांबड्या पेशी प्राणवायु वाहून नेतात; त्या घटल्या तर थकवा, धाप व छातींत धडधड होते आणि पापणीची आंतली बाजू पांढुरकी दिसते. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशीं झुंजतात. त्या घटल्या तर ताप वारंवार येतो, तोंडांत व्रण पडतात. ज्यांना प्लेटलेट म्हणतात त्या बिंबिका रक्तस्राव थांबवितात. त्या फार घटल्या तर हिरड्यांतून रक्त येतें, त्वचेवर जांभळे ठिपके उठतात.

घट होण्याचे मार्गहि तीनच. पेशी कमी तयार होतात, लवकर नष्ट होतात, किंवा रक्त शरीराबाहेर जातें. अतिरजःस्राव, मूळव्याध व आंतड्यांतील अंकुशकृमि हीं तिसऱ्या मार्गाचीं नेहमींचीं कारणें होत.

पहिल्या मार्गाचें उत्तम उदाहरण मुंबईंत सांपडलें. डॉ. ल्यूसी विल्स या १९२८ सालीं तेथें आल्या व गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनीं अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानें हा रक्तक्षय बरा होतो, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढें ओळखलें गेलेलें फोलिक आम्ल. अशा रोग्यास नुसतें लोह देऊन भागत नाहीं. उलट, ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावीं तिन्ही पेशी घटूं शकतात. तेथें केवळ फोलिक आम्ल दिल्यास रक्त सुधारल्यासारखें दिसतें, पण मज्जातंतूंची हानि चालूच राहते.

दुसऱ्या मार्गाचें उदाहरण नागपूरच्याच परिसरांत आहे. शुक्ला व सोळंकी यांनीं मध्य भारतांतील सिकलसेलविषयीं १९५८ सालीं लिहिलें. या आनुवंशिक विकारांत तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस जगते; ही बहुधा १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून रक्तक्षय, कावीळ व हाडांत असह्य वेदना उद्भवतात. दोष एकाच पालकाकडून आला तर मनुष्य केवळ वाहक असतो व बहुधा निरोगी दिसतो. दोघेहि पालक वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. विदर्भांतील आदिवासी व अन्य कांहीं समाजांत हा दोष विशेष आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठीं १ जुलै २०२३ रोजीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली.

सिकलसेलच्या रोग्यास लोह कमी आहे असें गृहीत धरूं नये; वारंवार रक्त चढविलेल्यांच्या शरीरांत तें सांचून अपायहि होतो. म्हणून बाटली आणण्यापूर्वीं रक्त तपासून घ्यावें व कोणती पेशी कमी आहे, कशामुळें, हें वैद्यांना विचारावें. प्रौढ पुरुषांत हिमोग्लोबिन १३ ग्रॅमखालीं व गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमखालीं गेल्यास रक्तक्षय समजतात. विवाह ठरवितांना पत्रिकेबरोबर उभयतांची सिकलसेलची तपासणीहि पाहिली, तर पुढील पिढीचें पुष्कळ दुःख टळेल.