काशीबाईचं काळं पाणी

दरवर्षी ३ जानेवारीला आमच्या महिला मंडळाची गाडी सांगलीहून पहाटेच निघते, ती थेट नायगावला. खंडाळा तालुक्यातलं हे सावित्रीबाईंचं गाव. माझं माहेर साताऱ्याचं, त्यामुळे गाडीत माहिती सांगायचं काम आपसूकच माझ्याकडे येतं. जोतीरावांचं मूळगाव कटगुणही आमच्याच जिल्ह्यातलं, हे मी जरा ऐटीतच सांगते! यंदा मात्र मुलींच्या शाळेची गोष्ट बाजूला ठेवून मी काशीबाईची सांगितली. गाडीतल्या गाण्याच्या भेंड्या मध्येच थांबल्या.

साल १८६३. पुण्यात जोतीरावांचे मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्या घरी काशीबाई स्वयंपाकाला होती. तरुण, ब्राह्मण विधवा. तिथल्याच एका शास्त्र्याने तिला नादी लावलं आणि तिला दिवस गेले. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण तिच्याशी लग्न कोण करणार? औषधं घेऊन झाली, उपयोग झाला नाही. मुलगा झाला. अब्रूच्या भीतीने तिने त्याला मारून विहिरीत टाकलं. पोलिसांनी शोधून काढलं, खटला झाला आणि तिला जन्मठेप झाली. काळं पाणी!

काळं पाणी म्हटलं की आपल्याला ते सेल्युलर जेल आठवतं. पण ते बांधून झालं १९०६ साली. काशीबाईला शिक्षा झाली तेव्हा अंदमानची कैद्यांची वसाहत जेमतेम पाच वर्षांची होती. समुद्र ओलांडला की जात गेली, अशी समजूत. तिथे बायकांना वेगळं ठेवत. दळण, विणकाम, शिवण ही कामं. काही वर्षं चांगलं वागलं, की शेतीवाडी करायची मोकळीक मिळालेल्या पुरुष कैद्याशी लग्नाची परवानगी मिळे. बायका कमी, आणि संसार मांडला की पुरुष ठिकाणावर राहतो, हा सरकारचा हिशोब. त्या जोडप्यांच्या मुलाबाळांना पुढे ‘लोकल बॉर्न’ म्हणू लागले. म्हणजे बघा, पुण्यात जिच्या लग्नाला समाजाची आडकाठी, तिचं लग्न व्हावं म्हणून तिकडे सरकारच उत्सुक! जन्मठेपेची कैदी झाल्यावर.

काशीबाईला शिक्षा झाली आणि जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पुण्यात जागोजागी जाहिराती लावल्या, की बायांनो, गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. १८८४ पर्यंत पस्तीस जणी आल्या. त्या वर्षी सरकारला लिहिलेल्या पत्रात जोतीरावांनी ही हकिकत सांगितली आहे. एकवीस वर्षांनीसुद्धा ते तिला विसरले नव्हते. (त्यांचा दत्तक मुलगा यशवंत हा या काशीबाईचा, असं काही जणी समजतात. ते चूक. यशवंतची आई दुसरी विधवा.)

मला ही गोष्ट सांगावीशी वाटली, त्याला कारण आहे. मागच्या पावसाळ्यात एक आई आपल्या मुलीला घेऊन रात्री माझ्या दारात आली. मुलगी वीस वर्षांची, सातवा महिना. ‘ताई, याचं काहीतरी करा, नाहीतर विहीर आहेच,’ आई म्हणाली. विहीर हा शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तो मुलगा? तो कधीच कामाला मुंबईला गेलेला.

त्या दोघींना मी समोर बसवून सांगितलं, की मूल सांभाळणं जमणार नसेल तर बालकल्याण समितीसमोर ते रीतसर सोपवता येतं. नाव बाहेर फुटत नाही. मन बदललं तर साठ दिवसांत परत घेता येतं. मुलीची आई मला पुन्हापुन्हा एकच विचारत होती, ‘खरंच नाव येत नाही?’

मुलगी बाळंत झाली. तिने बाळ सोपवलं, कागदावर सही केली. पन्नासाव्या दिवशी तिचा फोन आला, ‘काकू, अजून दहा दिवस आहेत ना?’

आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने गेलो.