बाळ आडवं की सरळ? नर्सिंगच्या मुली पोट तपासायला शिकतात कशा

रात्री दोन वाजता कळा सुरू झालेली बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात येते, तेव्हा तिथं सोनोग्राफीवाला नसतो. असते ती ड्युटीवरची सिस्टर आणि तिचे दोन हात. बाळाचं डोकं खाली आहे, ते पायाळू आहे की आडवं, हे त्या हातांनीच ओळखायचं. वेळेत ओळखलं, तर कणकुंबीच्या बाजूनं बेळगावकडे गाडी हलवायला सवड मिळते.

एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन आणि बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा. तिन्हींत पोटतपासणी आहे. पद्धत जुनीच, लिओपोल्ड या जर्मन डॉक्टरांच्या नावानं ओळखली जाणारी, चार पायऱ्यांची. पण त्याआधीची तयारीच बहुतेक मुली विसरतात. बाईला लघवीला जाऊन यायला सांगणं, पडदा ओढणं, हात चोळून गरम करणं, गुडघे थोडे दुमडायला लावणं. गार हात लागला की पोट आखडतं आणि आतलं काहीच कळत नाही. बोटांची टोकं रुतवायची नाहीत, बोटं सपाट ठेवायची.

आधी पिशवीचा वरचा भाग चाचपायचा. बाळाचं डोकं कठीण आणि गोल लागतं, मानेवर सुटं हलतं. कुल्ले मऊ, जरा बेढब. ते हलवले तर सगळं अंग हलतं. वर कुल्ले लागले तर डोकं खाली असणार. मग दोन्ही बाजू. एकीकडे पाठीचा सलग कठीणपणा, दुसरीकडे हातापायांच्या गाठी. ठोके पाठीच्या बाजूला नीट ऐकू येतात. नंतर ओटीपोटावर खाली काय आहे ते बघायचं आणि शेवटी बाईच्या पायांकडे तोंड करून डोकं कितपत उतरलंय याचा अंदाज घ्यायचा.

बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. इथं एक फसगत होते. ऐकू येणारे ठोके कधी आईचेच असतात. म्हणून ऐकताना दुसऱ्या हातानं तिची नाडी धरायची.

सुरुवात डमीवर होते आणि ते योग्यच. पण डमीचं पोट आखडत नाही, तिला गुदगुल्या होत नाहीत, दुखत नाही. खरं शिक्षण वॉर्डात. मुलीनं आधी तपासून आपला अंदाज कागदावर लिहायचा, मग मॅडमनी तपासायचं आणि शेवटी सोनोग्राफीचा रिपोर्ट उघडायचा. रिपोर्ट आधीच वाचला तर हाताला तेच सापडतं! नोंदवहीत सह्या भरल्या म्हणजे हात तयार झाला असं नाही.

दुसरी बाजू खाटेवरच्या बाईची. दहाजणींनी एकामागोमाग तिचं पोट चाचपणं हा छळ आहे. एक-दोघींनीच, तेही तिला विचारून, आणि कळ येत असताना थांबून. ती नको म्हणाली तर नको.

सीमाभागात यात भाषेचाही प्रश्न येतो. वॉर्डात मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू बोलणाऱ्या बाया. शिकणाऱ्या मुली कुठून कुठून आलेल्या. ‘रिलॅक्स’ म्हणून पोट सैल पडत नाही. ‘ताई, हात लावू का? दुखलं तर सांगा हं’ एवढी दोन वाक्यं पेशंटच्या भाषेत आली, तर पुढची तपासणी निम्मी सोपी होते. ती वाक्यं परीक्षेत कोणी विचारत नाही, त्यामुळे मुली ती वॉर्डातल्या आयांकडूनच शिकतात.