गावित बहिणी ‘सायकोपॅथ’ होत्या का?

कोल्हापूरच्या बालहत्याकांडाचा विषय निघाला की ‘वेड्या’, ‘विकृत’, ‘सायकोपॅथ’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. पण मानसशास्त्रात आणि कायद्यात त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

प्रकरण काय होतं?
अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांना १९९६ मध्ये अटक झाली. गर्दीत चोरी करताना जवळ मूल असलं की संशय येत नाही, म्हणून त्या लहान मुलं पळवत. नकोशा झालेल्या काही मुलांचा त्यांनी जीव घेतला. अंजनाबाईचा १९९७ मध्ये कोठडीत मृत्यू झाला. बहिणींना २००१ मध्ये कोल्हापूरच्या न्यायालयाने फाशी सुनावली. दयेच्या अर्जावरील निर्णयाला झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तिची जन्मठेप केली.

सायकोपॅथी म्हणजे वेड का?
नाही. सायकोसिसमध्ये भास-भ्रम होतात, वास्तवाचं भान सुटतं. सायकोपॅथीत भान शाबूत असतं. कमी असतात ते अपराधभाव, भीती आणि दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव. रॉबर्ट हेअर यांच्या चाचणीत २० मुद्द्यांवर ४० पैकी गुण देतात. त्यासाठी सविस्तर मुलाखत आणि पूर्वायुष्याच्या नोंदी लागतात. म्हणूनच केवळ गुन्ह्याचं क्रौर्य पाहून कुणालाही, अगदी गावित बहिणींनाही, ‘सायकोपॅथ’ ठरवता येत नाही. थंड डोक्याने केलेल्या गुन्ह्यामागे लोभ, टोळीची सवय किंवा घरातलं वळणही असू शकतं.

मेंदूत काय वेगळं असतं?
भीती व इतरांची वेदना टिपणारा अमिग्डाला आणि कपाळामागचा, निर्णयात भावनांना स्थान देणारा भाग यांच्यातला दुवा अनेक अभ्यासांत कमजोर दिसला आहे. पण २०१३ मधल्या नेदरलँड्सच्या एका अभ्यासात वेगळंच काही दिसलं. चित्रफितीत दुसऱ्याची वेदना पाहताना सायकोपॅथ गुन्हेगारांच्या मेंदूचा प्रतिसाद कमी होता. ‘त्याच्या जागी स्वतःला ठेवा’ असं सांगताच तो बराच वाढला. म्हणजे सहानुभूतीची क्षमता असते, ती आपोआप जागी होत नाही.

मग शिक्षा माफ होते का?
नाही. कृत्य काय आहे किंवा ते चूक आहे हेच मनोविकारामुळे कळत नसेल, तर कायदा सूट देतो. सायकोपॅथला ते कळतं. म्हणून मेंदूतला फरक गुन्ह्याचं स्पष्टीकरण देऊ शकतो, सबब नाही.