तंबोऱ्याचें बिऱ्हाड

आज मी गाण्याविषयीं बोलणार नाहीं. तो माझा अधिकार नव्हे. माझा विषय त्याहून पुष्कळच खालचा, अगदीं जमिनीलगतचा आहे. गाणें आटोपलें, मंडळी चहा घेऊन पांगली, म्हणजे तंबोरा ठेवावयाचा कोठें, हा तो विषय.

बहुतेक घरांतून याचें उत्तर एकच असतें : कोपऱ्यांत. दोन भिंतींच्या सांध्यांत दांडी टेकविली, भोपळा जमिनीवर ठेवला, वरून गवसणी ओढली कीं झालें. आमच्याही घरीं वीस वर्षें असेंच चाललें होतें. तंबोरा माझ्या पत्नीचा. तिच्या वडिलांनीं तो मिरजेहून आणून दिलेला. एका श्रावणांत, भर दुपारीं, वाऱ्यानें खिडकीचें दार आपटलें, पडदा उडून दांडीला लागला आणि तंबोरा आडवा झाला. आवाज फार मोठा झाला नाहीं. भोपळ्याला मात्र वीतभर चीर गेली. कारागिरानें ती सरस लावून बुजविली आणि वरून रंग असा बेमालूम दिला कीं बोट फिरविल्यावांचून ती सांपडूं नये. पत्नीनें तारा मिळविल्या, थोडा वेळ ऐकलें, आणि "ठीक आहे" असें म्हणून ती स्वयंपाकघरांत गेली. त्या 'ठीक आहे'चा अर्थ इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला कळतो.

दांडी मोडली तर सुतार दुसरी घडवील. भोपळा कोणी घडवीत नाहीं. तो वेलावर वाढतो. भीमेच्या कांठीं, पंढरपुराच्या आसपास हे मोठे कडू भोपळे पिकवितात, वाळवितात, आणि मग ते मिरजेस येतात. मिरजेंत हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांत सुरू झाला, आणि २०२४ सालीं तेथील सतारींना व तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालें. त्या भोपळ्यावर तुनाच्या लाकडाची तबली, तिच्यावर घोडी, आणि त्या घोडीवरून चार तारांचा अहोरात्र ताण. वाळलेला भोपळा हलका आणि कडक असतो. तो वांकत नाहीं, तडकतो. अशी वस्तू आपण गुळगुळीत फरशीवर, एका बिंदूवर उभी करतों आणि ती आपला तोल आपण सांभाळील अशी अपेक्षा ठेवतों!

आपल्या आज्या या बाबतींत अधिक शहाण्या होत्या. गोल बुडाची घागर त्यांनीं कधीं जमिनीवर टेकविली नाहीं. तिच्यासाठीं घडवंची होती. डोक्यावर घ्यावयाची तर खालीं चुंबळ होती. देवघरांतल्या शंखालासुद्धां अडणी असते. तंबोऱ्याला हवी ती घडवंचीच. फक्त तिला पाठ हवी.

मीं सागवानी दाराची जुनी फळी घेतली, एक इंच जाडीची, दीड फूट रुंदीची. तिला भोंक किती मोठें पाडावयाचें? सुतळीनें भोपळ्याचा घेर मोजावा. त्याला ७ नें गुणून २२ नें भागलें कीं व्यास आला. आमच्या भोपळ्याचा घेर ४४ इंच भरला, म्हणजे व्यास १४ इंच. हें गणित मीं वर्गांत तीस वर्षें शिकविलें. मला उपयोगीं पडलें तें निवृत्त झाल्यावर. भोंक व्यासाच्या सुमारें दोन-तृतीयांश, म्हणजे ९ इंच ठेवावें. याहून लहान असलें तर भोपळा डळमळतो, फार मोठें असलें तर तो आंत रुतून बसतो व काढतांना ओढाताण होते. ९ इंचांच्या भोंकांत १४ इंचांचा गोल दीड इंचाहून थोडा अधिक खालीं उतरतो. पहिल्या खेपेस मीं फळी जमिनीपासून नेमकी दीड इंचच उंच केली होती. परिणामीं भोपळ्याचें बूड फरशीला लागलें आणि सर्व खटाटोप व्यर्थ गेला. फळी निदान चार इंच उंच असावी. खालून वारा खेळतो आणि केरसुणीही फिरते.

भोंक पुरें गोल ठेवूं नये. तारा जेथें खालीं अडकविलेल्या असतात ती बाजू पुढें येते, तिला फळीची कड घांसूं नये म्हणून समोर चार इंच वाट मोकळी कापावी. आकार घोड्याच्या नालासारखा होतो. कड कानशीनें गोल करून तिच्यावर जुन्या घोंगडीची पट्टी शिवावी. मीं प्रथम सायकलच्या ट्यूबचें रबर लावलें होतें. उन्हाळ्यांत तें पॉलिशला असें चिकटलें कीं सोडवितांना तांबडा रंग त्याच्याबरोबर आला. घरच्या मंडळींनीं त्याबद्दल काय म्हटलें तें नभोवाणीवर सांगण्याजोगें नाहीं.

आतां पाठ. फळीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर दोन उभे खांब, आणि त्यांना जोडणारी एक आडवी पट्टी. या पट्टीला दांडी बसेल एवढी उथळ खांच कोरावयाची व तींतही घोंगडी लावावयाची. पट्टी किती उंचीवर व किती पुढें घ्यावी, येथें गणित चालत नाहीं, डोळा चालतो. तंबोरा फळींत ठेवून एकानें तो किंचित् मागें कलता धरावा, दुसऱ्यानें खूण करावी. पट्टी खुंट्यांच्या खालीं चार बोटें यावी; खुंट्यांवर भार आला तर तारा रोज उतरतील. जोड मळसूत्री खिळ्यांनीं करावे; साध्या खिळ्यांनीं केलेली चौकट पहिल्या पावसाळ्यानंतर कुरकुरूं लागते. शेवटीं दोन्ही खांब वरच्या टोंकाशीं लोखंडी पट्टीनें भिंतीस जखडावे. दोन तंबोरे असतील तर हीच फळी साडेतीन फूट लांब घ्यावी म्हणजे भोपळे एकमेकांस लागत नाहींत.

जागा मात्र विचारानें निवडावी. पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत नको. ती आंतून ओलावते, तबली फुगते, तारा गंजतात. खिडकीखालीं ऊन येतें, उन्हानें सरस सुटतो. घरांतल्या घरांतली मधली भिंत उत्तम. फार दिवस वाजविणें नसेल तेव्हां तारा थोड्या उतरून ठेवाव्या, अगदीं सैल करूं नयेत. पेटी व तबला-डग्गा यांना एवढा थाट लागत नाहीं. पेटी जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, उंदीर भात्यापर्यंत पोंचणार नाहीं अशी झांकून ठेवावी, तबल्या-डग्ग्याखालीं कापडाची चुंबळ द्यावी.

कोणी म्हणतील, आतां विजेवर चालणारा तंबोरा मिळतो, त्याला खिसा पुरतो. तो १९७९ पासून आपल्याकडे आहे आणि रियाजाला सोयीचा आहे, हें मी नाकारीत नाहीं. पण ज्यांच्या घरीं भोपळ्याचा आहे, त्यांना तो ठेवावा तर लागणारच.

एक राहिलें. घरांत लहान मूल असेल तर खांचेच्या दोन्ही बाजूंस एकेक कडी मारून दांडीपुढून एक कापडी पट्टी अडकवावी. आमच्या घडवंचीला पट्टी शोधण्यांत मी दोन दिवस घालविले. तिसऱ्या दिवशीं पाहतों तों पत्नीनें जुन्या इरकली लुगड्याचा कांठ फाडून, दुमडून, शिवून तेथें लावलाही होता, आणि तंबोरा पट्टीच्या आंत उभा होता, गवसणी काढलेला.