पुस्तकाची किंमत कोणी ठरवायची?

मे १८५२. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर जॉन चॅपमन या प्रकाशकाच्या घरी सभा भरली होती आणि अध्यक्षस्थानी होते चार्ल्स डिकन्स. वाद होता पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेशी. ठरल्यापेक्षा जास्त सवलत देणाऱ्या दुकानदाराला ही संघटना वाळीत टाकत असे. चॅपमनने ते जुमानले नाही. लेखक त्याच्या बाजूने उभे राहिले, त्याच महिन्यात लवाद लॉर्ड कॅम्पबेल यांनीही संघटनेविरुद्ध निकाल दिला आणि ती मोडीत निघाली.

पुस्तक स्वस्त झाले तर वाचक वाढतील, ही लेखकांची भावना प्रामाणिक होती. पण दुकानदारांमध्ये सवलतीची चढाओढ लागली. शिलिंगमागे तीन पेन्स, म्हणजे २५ टक्के सूट हा रिवाज झाला. कमिशनचा मोठा हिस्सा तिथेच गेल्यावर दुकानदाराच्या गल्ल्यात उरणार काय?

यातून मार्ग काढला एका प्रकाशकाने. फ्रेडरिक मॅकमिलन यांनी १८९० मध्ये सुचवले की काही पुस्तकांची किंमत 'नेट', म्हणजे पक्की, ठेवावी आणि ती पाळणाऱ्यालाच व्यापारी दराने माल द्यावा. त्याच वर्षी आल्फ्रेड मार्शल यांचा अर्थशास्त्रावरील ग्रंथ १२ शिलिंग ६ पेन्स या पक्क्या किमतीला निघाला. १८९५ मध्ये ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडच्या पुस्तकविक्रेत्यांची नवी संघटना उभी राहिली. आजची 'बुकसेलर्स असोसिएशन' ती हीच. पुढच्या वर्षी प्रकाशकही संघटित झाले आणि १ जानेवारी १९०० पासून 'नेट बुक अ‍ॅग्रीमेंट' हा करार लागू झाला.

प्रदर्शनात सवलतीने पुस्तके घेण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला पक्क्या किमतीचा हा आग्रह ग्राहकाच्या मुळावर उठणारा वाटेल. पण दुकानाचे गणित पाहिले पाहिजे. खपाऊ कादंबरी आठवड्यात संपते. कवितासंग्रह किंवा इतिहासाचा जाड ग्रंथ वर्षभर फळीवर बसून राहतो आणि दुकानदाराचे पैसे अडकवतो. खपाऊ पुस्तकाच्या नफ्यावरच त्या संथ पुस्तकाला जागा मिळते. खपाऊ तेवढे उचलून कोणी अर्ध्या किमतीत विकू लागला, तर पहिला फटका संथ पुस्तकांना बसतो, आणि ती मागणाऱ्या वाचकालाही. १९६२ मध्ये हा करार न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयानेही जवळपास हेच मानले: करार गेला तर साठा बाळगणारी दुकाने कमी होतील, पुस्तके कमी निघतील आणि एकंदर किमती वाढतील.

त्याआधी एक मोठी लढाई झाली होती. १९०५ मध्ये 'टाइम्स' वृत्तपत्राने बुक क्लब काढला आणि वर्गणीदारांना वाचायला दिलेली, जवळजवळ कोरी पुस्तके स्वस्तात विकायला सुरुवात केली. प्रकाशकांनी त्याला पुस्तके आणि जाहिराती देणे बंद केले. १९०८ मध्ये 'टाइम्स'ने माघार घेतली.

पण हा व्यवसाय केवळ भांडून टिकला नाही. १९३२ मध्ये हॅरल्ड रेमंड या प्रकाशकाच्या कल्पनेतून 'बुक टोकन' आले. भेट म्हणून टोकन द्यायचे आणि घेणाऱ्याने योजनेतल्या कोणत्याही दुकानात मनासारखे पुस्तक घ्यायचे. छोट्या गावातल्या दुकानाला यातून लंडनच्या दुकानाइतकीच संधी मिळाली. आज ही योजना असोसिएशनच्याच कंपनीकडे आहे.

करार शेवटी आतून पोखरला गेला. १९९० च्या आसपास डिलन्स या साखळी दुकानांनी त्याला उघड आव्हान दिले, सप्टेंबर १९९५ मध्ये मोठे प्रकाशक बाहेर पडले आणि मार्च १९९७ मध्ये न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. सुपरमार्केटांना रान मोकळे झाले. २००७ मध्ये हॅरी पॉटरच्या सातव्या पुस्तकाची छापील किंमत १७.९९ पौंड होती. अ‍ॅस्डा या सुपरमार्केटने ते ५ पौंडांना विकले. एवढ्या दराने छोट्या दुकानदाराला ते घाऊकही मिळत नव्हते! १९९५ मध्ये १,८९४ असलेली स्वतंत्र दुकाने २०१६ पर्यंत ८६७ वर आली. अर्थात अ‍ॅमेझॉन आणि वाढती भाडीही याला जबाबदार होती.

किमतीची ढाल गेल्यावर असोसिएशनने वेगळी कामे अंगावर घेतली, आणि तीच मोलाची वाटतात. तिच्या 'बॅच' या सेवेमुळे दुकानदाराला अनेक पुरवठादारांची बिले एकाच व्यवहारात भागवता येतात. एकट्या माणसाच्या दुकानात वाचलेला तो वेळ ग्राहकाला मिळतो. २०१३ पासून 'बुक्स आर माय बॅग' मोहिमेच्या कापडी पिशव्या रस्तोरस्ती दिसू लागल्या. दरवर्षी जूनमध्ये स्वतंत्र दुकानांचा सप्ताह साजरा होतो. २०१६ नंतर अशा दुकानांचा आकडा पुन्हा चढू लागला आणि २०२२ च्या अखेरीस १,०७२ वर पोहोचला. यातली कोणतीही दुकाने आज छापील किमतीला बांधलेली नाहीत.