आठशे सेकंदांची किंमत

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीने बनवलेला गेम. २०११मध्ये तो पहिल्यांदा लोकांच्या हाती आला, एप्रिल २०१५मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. खेळाडू त्यात स्वतः रॉकेट जोडतो, उडवतो आणि सुरुवातीला तरी बहुतेक वेळा फोडतो. सुट्या भागांच्या यादीत ‘नर्व्ह’ नावाचं एक अणुइंजिन आहे. त्याची आयएसपी ८०० सेकंद. तेवढ्याच थ्रस्टचं (म्हणजे रेट्याचं) ‘टेरियर’ हे साधं रासायनिक इंजिन घेतलं तर ३४५. दुपटीहून सरस इंजिन मिळत असताना बाकीची इंजिनं कोणी का वापरावीत? गेम बनवणाऱ्याला याचं उत्तर आकड्यांतूनच द्यावं लागतं.

आयएसपी म्हणजे इंधनातून मिळणारी वसुली. तिला ९.८१ने गुणलं की इंजिन वायू किती वेगाने मागे फेकतं ते कळतं: नर्व्ह सेकंदाला सुमारे ७,८५० मीटर, टेरियर सुमारे ३,३८०. यान एकूण आपला वेग किती बदलू शकेल (खेळाडू याला डेल्टा-व्ही म्हणतात) हे या वेगावर तर ठरतंच, शिवाय इंधन भरलेलं यान रिकाम्या यानाच्या कितीपट जड आहे यावरही ठरतं. रशियन शास्त्रज्ञ सियोल्कोव्स्कीने १९०३मध्ये प्रसिद्ध केलेलं समीकरण ते हेच. त्यात या पटीचा लॉगॅरिदम घेतात. इंजिनाचं स्वतःचं वजन या दुसऱ्या हिश्शात बसतं, आणि गेम आपली वसुली तिथेच करतो. दोन्ही इंजिनांचा निर्वातातला थ्रस्ट ६० किलोन्यूटन, पण टेरियरचं वजन अर्धा टन आणि नर्व्हचं तीन टन.

आता हिशोब करून पाहू. गेममधली टाकी साधारण आठ टन इंधनामागे एक टन वजनाची असते. एक टनाचं छोटं शोधयान घ्या आणि इंजिन, टाक्या, इंधन धरून एकूण वजन सव्वासहा टनांवर थांबवा. नर्व्ह बसवलं तर इंधनाला जेमतेम दोन टन उरतात आणि डेल्टा-व्ही मिळतो सेकंदाला ३,००० मीटरच्या आसपास. टेरियर बसवलं तर सव्वाचार टन इंधन मावतं आणि आकडा ३,८०० होतो. आठशेवालं इंजिन इथे चक्क हरतं. एकट्या माणसाच्या भातासाठी लग्नातलं पातेलं चुलीवर चढवण्यासारखाच हा प्रकार.

पण पेलोड, म्हणजे वाहून न्यायचा माल, २० टनांचा आणि पूर्ण यान ४० टनांचं केलं की पारडं फिरतं. टेरियरला १,९०० मिळतात, नर्व्हला ३,७००.

मग नर्व्ह रडतं कुठे? वेळेत. चाळीस टनांना ६० किलोन्यूटनचा रेटा म्हणजे सेकंदाला दीड मीटरचं त्वरण. सगळं इंधन जाळायला ३३ मिनिटं लागतात. कर्बिन हा गेममधला ग्रह अवघ्या ६०० किलोमीटर त्रिज्येचा आहे आणि त्याच्याभोवती १०० किलोमीटर उंचीवरची एक प्रदक्षिणाही जवळपास तेवढ्याच वेळात होते. ड्यूनाकडे, म्हणजे गेममधल्या मंगळाकडे, निघायला सेकंदाला हजार-एक मीटर पुरतात, पण त्यालाही अकरा मिनिटं लागतात. तेवढ्यात यान कक्षेचा तिसरा हिस्सा पार करतं, रेटा भलत्याच दिशेला जातो आणि इंधन वाया जातं.

इथे प्रत्येकाला मोह होतो तो आणखी इंजिनं जोडण्याचा. त्याच ४० टनांत तीन नर्व्ह बसवा: सगळं ज्वलन सात मिनिटांत आटोपतं, पण डेल्टा-व्ही ३,७०० वरून २,२०० वर येतो. दोन बसवली तर २,९००, आणि वेळ साडेतेरा मिनिटं. गेममधला खरा तोल मला या तीन आकड्यांत दिसतो. खेळाडूला वेग हवा की वेळ, हे त्याने स्वतः ठरवायचं. घड्याळ चौपट पळवण्याची सोय आहे म्हणून धीर धरवतो, इतकंच.

तिसरा मार्ग मात्र आपल्या ओळखीचा आहे. नोव्हेंबर २०१३मध्ये इस्रोने मंगळयान एका दमात मंगळाकडे ढकललं नाही. त्याचं मुख्य इंजिन ४४० न्यूटनचं, यान १,३३७ किलोंचं. दर वेळी पृथ्वीच्या जवळच्या बिंदूपाशी आल्यावर थोडं थोडं ज्वलन करून कक्षा ताणत नेली आणि १ डिसेंबरला सुमारे २२ मिनिटांच्या ज्वलनाने ते मंगळाच्या वाटेला लागलं. नर्व्हही असंच चालवायचं असतं.

१.० आवृत्तीच्या आधी हे इंजिन सव्वादोन टनांचं होतं आणि त्याला इंधनासोबत ते जाळणारा ऑक्सिडायझरही लागायचा. हे विचित्रच होतं, कारण अणुइंजिनात काही जळतच नाही. अणुभट्टी वायू तापवते आणि तो नोझलमधून बाहेर पडतो. पुढे ऑक्सिडायझर काढून टाकला आणि वजन वाढवून तीन टन केलं. त्यामुळे नेहमीच्या रॉकेट-टाकीत ऑक्सिडायझरची जागा रिकामी जाते. ‘एफएल-टी८००’ टाकीत अर्ध्या टन पत्र्यामागे १.८ टनच इंधन मावतं, तर विमानाच्या ‘एमके१’ टाकीत पाव टनामागे दोन टन. जाणते खेळाडू अणुयानाला विमानाच्या टाक्या लावतात ते यासाठी. वातावरणात तर नर्व्ह वापरूच नये: कर्बिनच्या समुद्रसपाटीला आयएसपी १८५ वर येते आणि थ्रस्ट १४ किलोन्यूटनच्याही खाली, म्हणजे ते स्वतःचं वजनही उचलू शकत नाही.

एक पळवाट मात्र गेमने ठेवलीच आहे. अमेरिकेच्या नर्व्हा या अणुरॉकेट प्रकल्पातल्या इंजिनांची आयएसपी आठशेच्या घरात होती ती हायड्रोजनमुळे. रेणू जितका हलका, तितका तो त्याच तापमानाला जास्त वेगाने बाहेर पडतो. पण द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांना ठेवावा लागतो, तो सतत उडून जातो आणि एका घनमीटरमध्ये जेमतेम ७१ किलो मावतो. वरच्या उदाहरणातलं १५ टन इंधन हायड्रोजनचं असतं तर दोनशेहून जास्त घनमीटरची टाकी लागली असती. रॉकेलसारख्या इंधनाला वीस घनमीटरही पुष्कळ. गेममध्ये हायड्रोजन नाहीच. दाट इंधन भरायचं आणि फायदा हायड्रोजनचा घ्यायचा, अशी ही सवलत आहे. त्यात किरणोत्सर्गाची चिंताही नाही. ज्यांना हे खटकतं त्यांच्यासाठी ‘कर्बल ॲटॉमिक्स’सारखे मॉड (गेममध्ये बदल करणारी जोडणी) आहेत, त्यांत हायड्रोजन येतो आणि त्याच्यासोबत अवाढव्य टाक्याही. नवख्याला टाक्यांच्या जंजाळात न अडकवता वजनातून किंमत घेण्याचा स्क्वाडचा निर्णय मला पटतो. तरी नर्व्ह अजून थोडं जड असतं तर बरं, असं माझं मत आहे.

पहिलं अणुयान बांधाल तेव्हा एकच नर्व्ह लावा आणि ज्वलनाची वेळ बघा. ती प्रदक्षिणेच्या पाव हिश्शाहून जास्त भरली, तर दुसरं इंजिन जोडण्याआधी तेच ज्वलन दोन-तीन फेऱ्यांत वाटून पाहा.