गाणं कामाचं, रंग गमतीचे

'अगं, तुझे छंद तरी किती! गाणं काय, चित्रं काय...' असं कुणी कौतुकानं म्हटलं की मी हसते, पण मनातून जरा खट्टू होते. कारण त्या एका वाक्यात माझं पंचवीस वर्षांचं गाणं आणि शनिवार दुपारची माझी रंगपेटी एकाच पारड्यात पडलेली असते. पुरुष रोज पहाटे तानपुरा घेऊन बसला तर ती 'साधना', आणि बाई बसली की 'आवड जोपासतेय हो!' मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी लिहीत असेल, कुणी नाचत असेल, कुणी नाटकात काम करत असेल. तुमच्याही घरी थोडंफार हेच होत असणार.

म्हणून मला वाटतं, मुख्य कला आणि गमतीची कला यांचा तोल सांभाळायचा तर आधी दोघींना वेगवेगळी नावं द्यायला हवीत. फ्रेंच भाषेत हौसेनं जोपासलेल्या दुसऱ्या कलेला चक्क 'अँग्रचं व्हायोलिन' म्हणतात. अँग्र (१७८०-१८६७) हा फ्रान्सचा नामवंत चित्रकार. तरुणपणी तो तुलूझच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत असे आणि पुढेही ती हौस त्यानं सोडली नाही. पण त्याचं काम कुठलं आणि हौस कुठली, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

माझी खूण साधी आहे. जिथे मी बांधलेली आहे, ते माझं काम. मन लागो न लागो, सकाळी साडेपाचला खर्ज लावायचाच. संध्याकाळी विद्यार्थिनी येतात, त्यांच्या परीक्षा असतात, फी घेतलेली असते. सूर किंचित उतरला तरी माझेच कान मला माफ करत नाहीत. रंगांचं तसं नाही. आभाळ जांभळं झालं, झाडाखाली हिरवं तळं साचलं, तरी कुणाचं काही बिघडत नाही. महिनाभर उघडली नाही तरी पेटी रुसत नाही.

आता वेळेचं. बाईचा वेळ तुकड्यातुकड्यांचा! त्यातला सलग आणि ताजा तुकडा गाण्याचा, उरलासुरला रंगांचा. कार्यक्रम जवळ आला की पेटी बंद. चित्र अर्धं राहिलं म्हणून रियाज बंद, असं मात्र चालत नाही. सासूबाईंना सुरुवातीला हे पटायचं नाही. "गाण्याचे चार पैसे तरी येतात. या कागदांचा उपयोग काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, आई. म्हणूनच तर करते." आता त्याच विचारतात, "आज शनिवार ना? रंग नाही काढलेस?"

त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. आपल्याकडे बाईच्या हौसेला नेहमी उपयोगाचं अस्तर लावावं लागलं. भरतकाम करायचं ते उशीच्या अभ्र्यावर, विणायचं ते बाळाचं टोपडं, शिवायची ती गोधडी. एक रांगोळी तेवढी सुटली. सकाळी काढायची, संध्याकाळपर्यंत पुसट व्हायची, तिचा भाव कुणी विचारत नाही.

हल्ली मात्र सगळ्याचा भाव विचारतात. लेकीनं माझी चित्रं इन्स्टाग्रामवर टाकली आणि एका विद्यार्थिनीच्या आईनं विचारलंच, "ताई, दिवाळीला पन्नास भेटकार्डं कराल का? पैसे देऊ." मी हात जोडले. एकसारखी पन्नास निळी फुलं रंगवायला बसायचं म्हणजे दुसरी नोकरीच की! मग दमल्यावर मी जाऊ कुठे? ज्यांना कमाई हवी आहे त्यांनी जरूर करावी, पण मग गमतीचं तिसरं काहीतरी शोधावं.

लेक रवींद्रनाथांचा दाखला देते. हस्तलिखितातल्या खोडलेल्या ओळी जोडता जोडता त्यांच्या आकृत्या झाल्या, साठी उलटल्यावर ते चित्रांत रमले आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचं प्रदर्शनही भरलं. "बघ आई, हौसेचंही मोठं काही होतं!" होतं ना! पण ती खोडाखोड चालू असताना त्यांनी प्रदर्शनाची तारीख धरून ठेवली नव्हती.

तोल खरा कसाला लागला तो तीन वर्षांपूर्वी. घसा बसला आणि डॉक्टरांनी तीन आठवडे बोलणंही बंद केलं. तेव्हा रंगांनीच मला सावरलं. कठीण दिवस पुढे आले. आवाज परतला, पण षड्ज थरथरत होता, वरचा सा तर लागेचना. इकडे चित्रांना 'वा वा' मिळत होती. जिथे कुणी चूक काढत नाही तिथेच राहून जावं, असं फार वाटलं हो. मी पेटी माळ्यावर ठेवली आणि दोन महिने नुसता खर्ज घोटला. वरचा सा स्थिर लागला, त्या शनिवारी पेटी खाली आली. विरंगुळ्यात विसावावं, पण त्यात दडून बसू नये, एवढं त्या दोन महिन्यांत कळलं.

आणि रंगांनी न मागता दिलेली एक गोष्ट सांगते. जलरंगात मी पहिलीतली मुलगी आहे. पहिला हात वाळेपर्यंत मला धीर धरवत नाही, दुसरा रंग घाईनं लावते आणि कागदावर चिखल होतो. अशा वेळी क्लासमधली ताल सोडून पुढे पळणारी नऊ वर्षांची चिमुरडी आठवते. तिच्यावर चिडणं आता कमी झालंय.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं कराच. घरात सगळ्यांना स्पष्ट सांगा, 'हे माझं काम, या वेळात मला हाक मारायची नाही.' ते अंगवळणी पडलं, की पुढचं सांगा, 'आणि ही माझी गंमत. या वेळातही मारायची नाही!'